साथ आली की पेशंटच्या मावशींना घरातच ठेवून घ्यायचं का?

ओसरी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची (पार्ले पूर्व) वार्षिक सभा झाली. गळकी गच्ची आणि पार्किंग यांवरची नेहमीची खडाजंगी आटोपल्यावर समितीने एक ठराव मांडला. पुढेमागे कोविडसारखी साथ आली, तर ज्यांच्या घरी वयस्कर पेशंट आहे त्यांनी त्याला सांभाळणाऱ्या मावशींना चोवीस तासांसाठी ठेवून घ्यावं. रोज ये-जा करणाऱ्या मावशींना गेटातून आत सोडणार नाही. मी बाजूने हात वर केला. शेजारी बसलेल्या बायकोने विरोधात केला. तेव्हापासून घरात चर्चासत्र सुरू आहे, म्हटलं इथेही विचारावं.

माझी बाजू अशी. आईला 2017 मध्ये पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. 2020 साली ती 81 वर्षांची होती. मावशी नालासोपाऱ्याहून यायच्या, ड्युटी आठ ते आठ. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, 21 मार्चला, त्या कपड्यांची पिशवी घेऊनच आल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे राहिल्या. तेवढ्या दिवसांत आईला साधी सर्दी झाली नाही. आम्ही नवरा-बायको मिळून तिला पलंगावरून खुर्चीत बसवताना घामाघूम व्हायचो, मावशी एकट्या बसवायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पाठीला एकही जखम नाही.

एक प्रसंग सांगतो. मे महिन्यात ऑक्सिमीटर मिळवला. पहिल्याच रात्री आकडा आला 86. मी ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधायला लागलो. मावशींनी एसी बंद केला, आईचा उजवा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसल्या आणि पाच-सात मिनिटांनी पुन्हा लावला. 96. म्हणाल्या, "बोटं गार पडली होती, आजी बऱ्या आहेत." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली. त्या रात्री आईला हॉस्पिटलात नेलं असतं, तर तिथून काय घेऊन आलो असतो देव जाणे.

तेव्हा माझं मत: सांभाळणारं माणूस घरातच असलं की म्हातारं माणूस वाचतं.

गिरगावची मिरची

@ओसरी, तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या. मावशी झोपायच्या कुठे? पगार बारा तासांचा की चोवीस तासांचा? आणि नालासोपाऱ्यात त्यांच्या घरी कोण होतं?

बावीसच्या मध्यरात्री लोकल बंद झाल्या. तुम्ही म्हणता त्या राहिल्या. मी म्हणेन अडकल्या.

ओसरी

हॉलमध्ये, आईच्या खोलीच्या दाराशी गादी टाकून. पगार दीडपट. घरी सासू आणि दोन मुली. मोठी त्या वर्षी दहावीला होती. तिचा भूगोलाचा पेपर रद्द झाल्याची बातमी मावशींनी आमच्या टीव्हीवर ऐकली.

गिरगावची मिरची

तास दुप्पट, पैसे दीडपट. रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे झोप किती? तरी तुम्ही बरे, अनेकांनी तेवढेही दिले नाहीत.

सेक्रेटरीबुवा

मी त्या काळात सेक्रेटरी होतो (ठाणे), त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. ठराव योग्यच आहे. आमच्याकडे एक बाई सकाळी एका आजींची आंघोळ, दुपारी दुसऱ्या विंगेत आजोबांचं जेवण, संध्याकाळी बाहेर तिसरीकडे मालिश अशी फिरायची. तिच्या एकटीच्या हातात तीन घरांतली तीन म्हातारी माणसं. काही झालं असतं तर वर्तमानपत्रात नाव माझं आलं असतं. बंदी घातल्यावर फोन येतात की बुवा, आमच्या वडिलांचा डायपर कोण बदलणार? तोही प्रश्न खरा. मग चोवीस तास हाच मधला मार्ग निघतो. दुसरा असेल तर सांगा.

दूरदेशी

आईवडील कोथरूडला, मी न्यू जर्सीत. विमानं बंद झाल्यावर मावशींच्या फोनचा कॅमेरा हेच माझे डोळे होते, त्यामुळे ओसरींचं म्हणणं पोचतं.

पण सेक्रेटरीबुवांच्या मुद्द्यावर एक आठवलं. 2020 च्या फेब्रुवारीत इकडे वॉशिंग्टन राज्यात किर्कलंडच्या एका वृद्धनिवासात साथ शिरली आणि माणसं पटापट गेली. मार्चमध्ये सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा) अहवाल आला. त्यातल्या कारणांत दोन गोष्टी होत्या: कर्मचारी एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते आणि अंगात लक्षणं असताना कामावर येत होते. पहिली गोष्ट तुमचा ठराव अडवेल. दुसरी कशी अडवणार? बरं, तिथे भिंतीच्या आत सगळी म्हातारी माणसं एकत्र होती. आपल्याकडे निदान एका घरात एक-दोनच, हा घरच्या सांभाळाचा मोठाच फायदा.

सेक्रेटरीबुवा

दुसरीसाठी गेटवर ताप मोजतो की. वॉचमनला बंदूक दिली होती.

रात्रपाळी

बंदुकीबद्दल मी सांगते. माझी आई हेच काम करते. आम्ही दिव्याला राहतो, तिची ड्युटी तेव्हा मुलुंडला. निघण्याआधी क्रोसिन घेतली की गेटवर आकडा सरळ येतो. सगळ्या बायकांना माहीत होतं.

एप्रिल 2021 मध्ये तिला तीन दिवस ताप होता. तरी ती कामावर गेली. सांगितलं असतं तर काम लावून देणाऱ्या ब्युरोने बदली बाई पाठवली असती आणि मग ते घर बदली बाईचंच झालं असतं. खाड्याचे पैसे कापले जातातच. सरकारने त्याच महिन्यात नोंदणी असलेल्या घरकामगारांना 1500 रुपये जाहीर केले, आईची नोंदणीच नव्हती. आजोबांना भरवताना ती मान वळवून श्वास घ्यायची, हे तिने मला नंतर सांगितलं. आजोबांना काही झालं नाही, नशीब.

लसीचं ऐका. साठीच्या वरच्यांना 1 मार्चपासून मिळाली, पण आजोबा खाटेवर, केंद्रावर नेणार कसे? मुंबईत घरी येऊन लस देणं सुरू झालं ते जुलै-ऑगस्टच्या सुमारास. आई 43 वर्षांची. तिचा नंबर 1 मेला लागला आणि 12 मेपासून राज्याने 18 ते 44 चं लसीकरण साठा नाही म्हणून थांबवलं. म्हणजे ज्याला उचलायचं तो आणि जी उचलते ती, दोघंही बिनलसीचे, एका दहा बाय दहाच्या खोलीत. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर तोवर 84 दिवसांचं झालं होतं, ते वेगळंच.

चोवीस तास ठेवा म्हणता, ठेवा. पण मी तेव्हा अकरावीत होते आणि भाऊ सहावीत. दोघांमध्ये एक फोन, त्यावरच दोघांची शाळा. आई मुलुंडला राहिली असती तर भाऊ शिकला असता का, माहीत नाही.

ताप_मापक

सांगलीत फॅमिली डॉक्टर आहे. दोन्ही बाजूंचे पेशंट पाहिलेत, म्हणजे आजीही आणि मावशीही.

आपण तेव्हा दुधाच्या पिशव्या साबणाने धूत बसलो आणि खिडक्या लावून घेतल्या. उलट करायला हवं होतं. हा विषाणू मुख्यतः हवेतून जातो. भरवायला अर्धा तास लागतो, पेशंटच्या तोंडाला मास्क लावता येत नाही, चेहरे हातभर अंतरावर. तिथे मावशीला चांगला मास्क आणि उघडी खिडकी हवी. आणि मावशी मास्क कधी काढते? जेवताना. ते जेवण त्याच खोलीत होऊ देऊ नका, गॅलरी असेल तर तिथे ताट द्या. अनेक घरांत मावशीला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवतात आणि मालकांचा मुलगा मित्रांना भेटून आला तर त्याला कोणी विचारत नाही.

दुसरं. म्हाताऱ्या माणसांना कोविडमध्ये ताप आलाच पाहिजे असं नाही. "काल नीट बोलत होत्या, आज मला ओळखत नाहीत", "दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं", "उठताना तोल गेला" एवढंच दिसतं. हे टिपतं कोण? घरचे फोनवर असतात. रोज तोच चेहरा बघणारी मावशीच मला सांगायची. म्हणून दर आठवड्याला माणूस बदलणं पेशंटला महाग पडतं.

पण चोवीस तास एकच माणूस, तेही खाटेवरच्या पेशंटला, हे दहा-बारा दिवस चालतं. मग ती पहाटे तीनला उठत नाही. उठते, पण अर्धी झोपेत उचलते आणि दोघीही पडतात. माझ्याकडे अशीच एक खुब्याचं हाड मोडलेली आजी आली होती. एका घराला दोनच ठरलेल्या मावशी, पंधरा-पंधरा दिवस आलटून पालटून, असं जमलं तर बरं.

गिरगावची मिरची

आणि ये-जा कशी करायची? 2020 च्या 15 जूनला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेसाठी. महापालिका होती, बँका आल्या, खाटेवरच्या आजीला पुसणारी बाई त्या यादीत नव्हती. जुलैत एसटी मिळेना म्हणून नालासोपाऱ्यात लोक रुळांवर उतरले होते, विसरलात? 21 ऑक्टोबरला बायकांना लोकल उघडली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. ड्युटी आठची! सोसायटीने ठराव करायचाच असेल तर पेशंटच्या मावशींना ओळखपत्र द्यावं आणि महापालिकेकडून पास मागावा असा करा.

सेक्रेटरीबुवा

ओळखपत्र देऊ. आजारपणाचे पैसे मात्र सोसायटी देणार नाही, आधीच सांगतो. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी पाहा जरा.

रात्रपाळी

सोसायटीकडे कोण मागतंय, काका. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी आधीच सांगायचं: ताप आला तर फोन करा, चौदा दिवसांचा पगार चालू आणि जागा तुमचीच. 2022 च्या जानेवारीत एका घराने आईला असं सांगितलं होतं. ती पहिल्या दिवशीच घरी थांबली.

दूरदेशी

हे मी फोन ठेवायच्या आधी करतोय. आमच्या मावशींना असं कधी सांगितलंच नव्हतं.

ओसरी

सगळं वाचलं. बायकोनेही वाचलं, मागे उभं राहून.

आई 2022 मध्ये गेली, तिच्या वयाने. मावशी आता आमच्याच गल्लीत दुसऱ्या घरी असतात. काल त्यांना फोन केला. आधी मुलीची चौकशी केली, मोठी नोकरीला लागली आहे. मग विचारलं, ऑक्टोबरनंतर तुम्ही पुन्हा गाडीने येत होता, तेव्हा कधी ताप आला होता का? खरं सांगा, आता काय.

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोनदा."

सेक्रेटरीबुवा

ठरावाचं काय करताय?

ओसरी

समितीला पत्र लिहितोय. हात वर केलेला मागे घेता येतो का, नियम बघून सांगा.