गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्या : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

माझ्या धाकट्या जावेला दुसरा महिना चालू आहे. चार दिवस झाले, पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही. घरात सगळे म्हणतात, "डोहाळे कडक आहेत, होतं असं." मला ते पटत नाही. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

इंदिरानगर
ताई, वाट बघू नका. मी बघितली. खालच्या मजल्यावर लसणाची फोडणी पडली की मी बेसिनकडे धावायची. पोटात काही नसलं की पिवळं, कडू पित्त पडायचं. सासूबाई मायेने मोरावळा, आलेपाक द्यायच्या, तोही उलटायचा. 52 किलोची मी 48 वर आले. लघवी दिवसातून दोनदा, तीही कोऱ्या चहासारखी. तपासली तर किटोन निघाले, म्हणजे अन्नाअभावी शरीर चरबी जाळत होतं. तेव्हा कळलं, याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम म्हणतात आणि वजन 5 टक्क्यांहून जास्त घटणं ही त्याची मोठी खूण. तीन दिवस सलाईनवर होते. ग्लुकोजच्या आधी थायमिनचं, म्हणजे बी1 जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन दिलं. सततच्या उलट्यांनी शरीरातलं बी1 संपतं आणि तसंच ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, असं डॉक्टरांनी समजावलं. घरी आल्यावर उलट्यांवरची डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिनची गोळी. सतराव्या आठवड्यात पहिल्यांदा वाटीभर वरणभात पोटात राहिला. मी ताटावरच रडले.

नाशिकरोड
मला एका डॉक्टरांनी "मन रमवा" म्हणून परत पाठवलं होतं. ते आजही सलतं. मुलगी झाल्यावर वाचलं की डिसेंबर 2023 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात संशोधन आलंय : गर्भ आणि वार जीडीएफ15 नावाचं संप्रेरक सोडतात, आणि गरोदरपणाआधी ज्यांच्या अंगात ते कमी असतं त्यांना हा त्रास जास्त होतो. मनाचे खेळ नव्हते ते. हे जावेला नक्की सांगा.

पंचवटी
मला साळीच्या लाह्यांचं गार पाणी तेवढं चालायचं. लोहाच्या गोळीने मळमळ वाढायची, ती डॉक्टरांना विचारून काही आठवडे बंद केली. मनाने करू नका.

सिडको
मी नवरा. शेगडी मागच्या गॅलरीत हलवली, घरात फोडणी बंद. उशाशी वाटीत ओआरएस आणि चमचा; दर पाच मिनिटांनी एक चमचा, घड्याळ लावून. ग्लासभर एकदम दिलं की सगळं बाहेर. किती प्यायली, किती वेळा लघवी झाली, हे कॅलेंडरवर लिहायचो. आठ तास लघवी झाली नाही तेव्हा तोच कागद घेऊन रात्री दवाखाना गाठला आणि लगेच दाखल करून घेतलं.

(मूळ प्रश्नकर्ती)
सगळ्यांचे आभार. जावेला घेऊन आत्ताच निघतोय. कालपासून लघवी कितीदा झाली, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. एकदाच झालीये.