मदत हवी आहे: तुकड्यांत आलेल्या फाईलमधील व्हिडिओ उघडत नाही

महालवासी:
आमच्या नागपूरच्या मंडळाच्या जुन्या मारबत (इडापिडा घेऊन जाणारा मोठा पुतळा) मिरवणुकीचे चित्रीकरण ज्या स्टुडिओने केले होते, त्यांनी ते आता पेन ड्राइव्हवर दिले आहे. पण एका सलग फाईलऐवजी तुकडे करून दिले आहे. तान्ह्या पोळ्याला वस्तीतल्या मुलांना ते दाखवायचे ठरले आहे आणि पोळा अगदी तोंडावर आला आहे. तुकड्यांवर क्लिक केले की दर वेळी वेगळाच संदेश येतो आणि शेवटी डिस्क भरली असावी असे दिसते. पेन ड्राइव्ह 32 जीबीचा असून त्यात निम्म्याहून अधिक जागा रिकामी आहे, त्यामुळे जागा मोकळी करा, असे उत्तर कृपया देऊ नये. स्टुडिओ फोन उचलत नाही.

संत्रानगरी:
फाईलच्या नावाच्या शेवटी काय लिहिले आहे, तुकडे किती आहेत, प्रत्येक तुकडा किती एमबीचा आहे आणि आपल्या संगणकावर कोणते विंडोज आहे, हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही.

बजाजनगर:
विंडोज 11 मध्ये रार आणि सेव्हन-झेड या दाबून लहान केलेल्या फाईल उघडण्याची सोय 2023 पासून विंडोजमध्येच आहे. वेगळे काही घेण्याची गरज नाही. उजवे क्लिक करून फाईल मोकळी करावी.

महालवासी:
संगणकावर विंडोज 7 आहे. पार्ट1 रार, पार्ट2 रार अशी पार्ट7 पर्यंत नावे आहेत. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा 700 एमबीचा आहे. मी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उघडून पाहिला.

इतवारी_जुना:
सातही तुकडे एकाच फोल्डरमध्ये असावेत, त्यांची नावे बदलू नयेत आणि फक्त पार्ट1 उघडून मोकळा करावा. पुढचे तुकडे तो आपोआप घेतो. मधला तुकडा उघडला की आधीचा भाग मागितला जातो, म्हणूनच आपल्याला वेगवेगळे संदेश आले. त्यासाठी विनरार हा प्रोग्राम घ्यावा. रार हे स्वरूप त्याच्याच कर्त्याचे, युजीन रोशल यांचे आहे, तेव्हा त्याहून भरवशाचे दुसरे काही नाही.

बजाजनगर:
नुसते विनरार घ्या म्हणणे अपुरे आहे. 2013 मध्ये विनरार 5 सोबत रारचे नवे स्वरूप आले आणि त्या आधीची आवृत्ती ते उघडू शकत नाही. जुन्या संगणकावर जुनेच विनरार असण्याचा संभव असतो. सेव्हन-झिप हा दुसरा प्रोग्राम मोफत आहे, रारच काय, आयएसओसुद्धा (संपूर्ण डिस्कची एका फाईलमधली प्रत) उघडते. त्याची नवी आवृत्ती घ्यावी.

इतवारी_जुना:
सेव्हन-झिप रार फाईल बनवू शकत नाही, हेही सांगायला हवे.

बजाजनगर:
भाऊ, त्यांना फाईल बनवायची नसून उघडायची आहे.

संत्रानगरी:
दोन्हींपैकी कोणतेही चालेल. खरी अडचण वेगळी आहे. सात तुकडे मिळून फाईल 4 जीबीहून मोठी होते, आणि पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 या फाईल साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. फॅट32 मध्ये एक फाईल 4 जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही, मग रिकामी जागा कितीही असो. स्टुडिओने तुकडे केले तेही बहुधा याच कारणाने, आणि आपण ते त्याच पेन ड्राइव्हवर जोडायला निघालात. कॉम्प्युटरमध्ये पेन ड्राइव्हवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम पाहावी.

ऑरेंज_सिटी:
मग पेन ड्राइव्ह एनटीएफएस या मोठ्या फाईल चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून टाकावा, प्रश्न मिटला.

संत्रानगरी:
कृपया असे अजिबात करू नये. फॉरमॅट केल्यास सातही तुकडे जातील, आणि स्टुडिओ फोन उचलत नसताना दुसरी प्रत मिळेल याची खात्री नाही. विंडोज 7 ज्या ड्राइव्हवर बसवलेले असते तो एनटीएफएसच असतो. त्यावर किमान 10 जीबी रिकामी जागा ठेवून आधी सातही तुकडे तिथे उतरवावेत, मग पार्ट1 मोकळा करावा. मध्येच सीआरसीची (फाईल शाबूत आहे का हे तपासणाऱ्या आकड्याची) चूक दाखवली, तर ज्या तुकड्यावर ती आली तो उतरवताना बिघडला आहे असे समजून तेवढाच पुन्हा उतरवावा.

महालवासी:
फॅट32 च निघाले. सी ड्राइव्हवर काम झाले. आता एकच आयएसओ फाईल तयार झाली आहे, पण विंडोज ती डिस्कवर लिहायला सांगते. मला ती पाहायची आहे, लिहायची नाही.

बजाजनगर:
विंडोज 8 पासून आयएसओवर दोनदा क्लिक केले की ती ड्राइव्हसारखी जोडली जाते. विंडोज 7 मध्ये ती सोय नाही. तरी काही अडत नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर थेट आयएसओ उघडतो, डीव्हीडीचा मेन्यूदेखील दाखवतो.

इतवारी_जुना:
सेव्हन-झिपने आयएसओही मोकळी करावी. आत व्हिडिओ_टीएस फोल्डर असेल आणि त्यात प्रत्येकी 1 जीबीपर्यंतच्या व्हीओबी (चित्र व आवाजाच्या) फाईल असतील. त्या क्रमाने लावल्या की झाले.

बजाजनगर:
मेन्यू आणि प्रसंगांची विभागणी त्याच फोल्डरातल्या आयएफओ फाईलमध्ये असते. व्हीओबी एकेक लावल्यास मिरवणूक एक जीबीच्या टप्प्यावर वाक्याच्या मध्येच थांबते. मुलांसमोर असे होऊ नये.

ऑरेंज_सिटी:
हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने एमपी4 करावे. सगळ्या टीव्हीवर चालते आणि आकारही कमी होतो.

संत्रानगरी:
हँडब्रेकच्या सध्याच्या आवृत्त्यांना विंडोज 10 किंवा त्यापुढचे लागते, त्यामुळे या संगणकावर तो मार्ग नाही. शिवाय डीव्हीडीचे चित्र मुळात 720 बाय 576 बिंदूंचे असते. ते पुन्हा दाबल्याने त्यात भर पडत नाही, घटच होते. दाखवण्यापुरते करायचे असल्यास मूळ आयएसओला हात लावू नये आणि तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. अशी मिरवणूक पुन्हा चित्रित होत नसते.

महालवासी:
व्हीएलसीमध्ये सुरू झाले! पिवळी मारबत स्पष्ट दिसते आणि ‘घेऊन जा गे मारबत’ हा घोषही नीट ऐकू येतो. मात्र बडगे (मिरवणुकीतले पुतळे) नाचू लागले की त्यांच्या कडांवर आडव्या रेघा दिसतात. टीव्हीच्या यूएसबीमध्ये आयएसओ घातली तर तो काहीच दाखवत नाही.

संत्रानगरी:
रेघा म्हणजे चित्रात बिघाड नव्हे. त्या काळच्या चित्रीकरणात सेकंदाला 25 चित्रे प्रत्येकी दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी नोंदली जात, आणि हलणाऱ्या वस्तूच्या कडेवर ते दोन भाग जुळत नाहीत. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस (हे दोन भाग जुळवणारी सोय) चालू करून त्याची पद्धत याडिफ (Yadif) ठेवावी. बहुतेक टीव्हींना आयएसओ समजत नाही, म्हणून संगणकच एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा आणि आवाज येत नसेल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडावा.

महालवासी:
डीइंटरलेसने रेघा गेल्या. आमच्या संगणकाला निळ्या रंगाचे जुने व्हीजीए भोक आहे, एचडीएमआय दिसत नाही. सीताबर्डीत अशी केबल मिळेल का?

बजाजनगर:
नुसती केबल पुरणार नाही, व्हीजीएचे एचडीएमआय करणारा अ‍ॅडॉप्टर मागावा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, म्हणून ज्याला वेगळी ऑडिओ वायर आहे असाच घ्यावा, नाहीतर आवाजासाठी स्वतंत्र स्पीकर लावावे लागतील.