शब्दचर्चा : किल्टवरची पदके, ‘लघुपदक’ की ‘प्रतिकृती’?

प्रश्न : ‘संध्याकाळी किल्टवर पदकांची प्रतिकृती लावावी’ अशी सूचना वाचली. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख. त्यासोबत लावायच्या मिनिएचर मेडलला, म्हणजे छोट्या मापाच्या पदकाला, प्रतिकृती म्हणता येईल का?

प्रतिसाद १ : नको. प्रतिकृती म्हणजे नक्कल. हरवलेल्या पदकाच्या जागी बनवून घेतलेलं दुसरं पदक. मिनिएचर ही नक्कल नाही, त्याच सन्मानाचं साधारण निम्म्या मापाचं रूप आहे. ब्रिटिश मोहिमेचं पदक सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचं आणि त्याची फीत ३२ मिलिमीटर रुंद; मिनिएचरची फीत १६. ‘लघुपदक’ चपखल बसतो. मोठ्याला ‘पूर्ण मापाचं पदक’ म्हणावं.

हा फरक जपायलाच हवा, कारण कोणतं पदक लावायचं ते जॅकेटवरून ठरतं. किल्टवर दिवसा घालायचं आर्गाइल नावाचं किंवा ट्वीडचं जॅकेट असेल तर पूर्ण मापाची. संध्याकाळच्या प्रिन्स चार्ली किंवा डब्लेट या समारंभी जॅकेटांवर लघुपदकं. प्रिन्स चार्ली आखूड असतं, त्याच्या रेशमी लॅपेलवर चार-पाच मोठी पदकं टाचली तर कापड ओढलं जातं आणि पदकं पुढे लोंबतात.

प्रतिसाद २ : ‘किल्टवर’ हाही शब्द फसवा आहे. पदक किल्टच्या कापडाला लावतच नाहीत, ते जॅकेटच्या डाव्या छातीवर असतं. ‘किल्टच्या पोशाखावर’ म्हणा. किल्टला लागते ती पिन, समोरच्या पदराच्या, नेसणाऱ्याच्या उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात आणि फक्त वरच्या थरातून. दोन्ही थर टाचले की चालताना कापड ताणून फाटतं.

निमंत्रणावरच्या ‘डेकोरेशन्स’चं भाषांतर ‘सजावट’ झालेलं दिसतं, ते साफ चूक. तिथे ‘सन्मानचिन्हे’ हवं. संध्याकाळच्या समारंभाला निमंत्रणात तसा उल्लेख असेल तरच पदकं लावायची.

प्रतिसाद ३ : क्रम सांगताना ‘उजवीकडून डावीकडे’ लिहू नका, बघणाऱ्याची उजवी की लावणाऱ्याची, हे कळत नाही. ‘छातीच्या मध्याकडून डाव्या खांद्याकडे’ लिहा. सर्वोच्च पदक मध्याशी. पदकं एकमेकांवर चढवावी लागली तरी ते पूर्ण दिसलं पाहिजे. दिवंगत वडिलांची किंवा आजोबांची पदकं उजव्या छातीवर.

प्रतिसाद ४ : ‘पट्टी’चं काय? पदकं ओवायच्या दांडीलाही पट्टी आणि क्लास्पलाही पट्टी म्हटलं की घोळ होतो. क्लास्प म्हणजे फितीवरची, लढाईचं नाव असलेली आडवी धातुपट्टी. उदाहरणार्थ, २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत ७८वी हायलँडर्स ही ब्रिटिश सैन्यातली स्कॉटिश पलटण लढली. १८५१ मध्ये मंजूर झालेल्या आर्मी ऑफ इंडिया मेडलवर त्या लढाईचा क्लास्प आहे. त्याला ‘लढाईपट्टी’ म्हणावं. ‘बार’ मात्र तसाच ठेवावा, कारण तेच शौर्यपदक दुसऱ्यांदा मिळालं की बार मिळतो आणि ‘सेना मेडलचा बार’ मराठी बातम्यांत रुळलेला आहे. लघुपदकावर लढाईपट्टीही लघुच लागते. मोठी त्या फितीवर बसत नाही.