मदत हवी आहे: बायॉप्सीत 'प्लाझ्मासायटॉइड' आलंय, हा रक्ताचा कॅन्सर का? (तातडीचे)

केतकी_क
सासऱ्यांचा रिपोर्ट काल मिळाला. 'युरोथेलियल कार्सिनोमा, प्लाझ्मासायटॉइड प्रकार, हाय ग्रेड. सीडी१३८ पॉझिटिव्ह, गाटा३ पॉझिटिव्ह, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह.' डॉक्टर सोमवारपर्यंत नाहीत. गूगलवर सीडी१३८ टाकलं की मायलोमाच (रक्ताचा एक कॅन्सर) दिसतोय. मूत्राशयाचा की रक्ताचा, एवढंच सांगा. 'धीर धरा' नको, प्लीज.

नाना_मिरजकर
वय? विडी-तंबाखू? लघवीतून रक्त कधीपासून?

केतकी_क
७१. विडी होती, आता सोडलीय. रक्त एकदाच दिसलं. सारखं लघवीला जावं लागायचं म्हणून प्रोस्टेटच्या गोळ्या चालू होत्या. पण नाना, माझा प्रश्न वेगळा आहे.

भटक्या७७
माझ्या काकांना मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी (टीबीची लस, मूत्राशयात सोडतात) दिलं. आठवड्याला एक, असे सहा डोस. आता ठणठणीत. मूत्राशय काढू देऊ नका, डॉक्टर लोक कापायलाच बसलेत.

स्लाइडवाली
केतकीताई, मी पॅथॉलॉजीत आहे. हा मूत्राशयाचाच कॅन्सर. या पेशी प्लाझ्मा सेलसारख्या (मायलोमा ज्या पेशींचा होतो त्या) दिसतात: केंद्रक एका कडेला सरकलेलं, उरलेली पेशी गुलाबीसर. सीडी१३८ ही पेशींवरची खूण दोन्हीकडे पॉझिटिव्ह येते, त्यामुळे त्या एकट्यावरून मायलोमा म्हणता येत नाही. गाटा३ पॉझिटिव्ह म्हणजे कौल मूत्राशयाच्या अस्तराकडे.

ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. ते गेलं की पेशी सुट्या होऊन भिंतीत झिरपतात. म्हणून कधीकधी दुर्बिणीतून ठसठशीत गाठ दिसतच नाही, नुसती भिंत जाड दिसते. रक्तही उशिरा जातं. हा प्रकार दुर्मिळ आणि आक्रमक आहे. पोटाच्या आतल्या आवरणावर पसरायची याची खोड आहे.

आणि भटक्या, बीसीजी वरवरच्या गाठींसाठी. इथे ते सुचवू नका.

भटक्या७७
मी अनुभव सांगितला. प्रत्येक धाग्यावर डॉक्टरकी कशाला?

वैद्य_नाहीये_मी
गोखरूचा काढा आणि जवाचं पाणी. खडे पडतात.

नाना_मिरजकर
खड्यांचं कोण विचारतंय इथे!

अभय_टोरांटो
ई-कॅडहेरिन म्हणजे सीडीएच१ जनुक ना? त्यातला बिघाड घराण्यात असेल तर जठराचा कॅन्सर होऊ शकतो. तुमच्या मिस्टरांची जनुकीय चाचणी करून घ्या.

स्लाइडवाली
अभय, उगाच घाबरवू नका. या कॅन्सरमध्ये तो बिघाड सहसा फक्त गाठीतल्या पेशींत झालेला असतो, वारशाने आलेला नसतो. मात्र जठर किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीही अशाच दिसू शकतात, तेव्हा दुसरीकडून आलेला नाही ना, हे बघतात.

ताई, रिपोर्टमध्ये 'डेट्रूसर मसल' (मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू) कुठे लिहिलंय? आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती?

केतकी_क
'मसल प्रेझेंट, इन्व्हॉल्व्ड.' क्रिएटिनिन १.९. सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली आहे. हे लागणार होतं का?

स्लाइडवाली
हेच तर लागणार होतं! स्नायूत शिरलाय. अशा वेळी शक्य असेल तर आधी सिस्प्लॅटिनची केमो आणि मग मूत्राशय काढतात. यात केमोला प्रतिसाद येतो, पण आजार परतायचं प्रमाणही जास्त. सिस्प्लॅटिनला किडनी धड लागते. किडनीत साचलेली लघवी आधी स्टेंट किंवा नळी टाकून मोकळी करायची का, हे सोमवारी पहिल्यांदा विचारा. पोट-छातीचा सीटी स्कॅन व्हायचा असेल तर तोही. ताप आला किंवा लघवी थांबली तर मात्र सोमवारची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

नाना_मिरजकर
रेशनकार्ड आहे ना? महात्मा फुले योजनेत बसतंय का, तेही विचारा. कागद आधी जमवा.

केतकी_क
आहे. स्लाइड दुसरीकडे दाखवू का? टाटाला?

स्लाइडवाली
दाखवाच. इतक्या विरळ प्रकारात दुसरं मत हवंच. नुसत्या स्लाइड नेऊ नका, बायॉप्सीचा तुकडा ज्यात असतो ते मेणाचे ब्लॉकही मागा. लॅब कुरकुर करेल, लेखी अर्ज द्या.

भटक्या७७
काकांचे ब्लॉक लॅबने हरवले होते. पावती घ्या.

केतकी_क
लॅब रविवारी उघडी असते का कुणाला माहितेय?