शब्दचर्चा : जगाचा अंत, प्रलय, जगबुडी की युगाची समाप्ती?

कोरी पाटी :
आगमनकाळासाठी (नाताळाआधीचे चार आठवडे) तरुणांना वाटायचं एक चौपानी पत्रक इंग्रजीवरून मराठीत करायचं आहे. 'एंड ऑफ द वर्ल्ड'ला प्रलय, जगबुडी, जगाचा अंत, युगाची समाप्ती यांतला कोणता शब्द घ्यावा? युद्धाच्या बातम्या, तारखा, प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा 'सहाशे सहासष्ट' असं सगळं मोबाइलवर फिरतंय आणि पोरं खरंच धास्तावली आहेत. त्यामुळे शब्द जपून निवडायचाय.

शब्दपारखी :
जगबुडी आधी बाद करा. नोहाच्या गोष्टीत पाणी ओसरल्यावर देव करार करतो की पृथ्वीचा नाश करायला पुन्हा जलप्रलय येणार नाही (उत्पत्ती 9:11), आणि त्याची खूण म्हणून मेघधनुष्य ठेवतो. ख्रिस्ती पत्रकात शेवटाला 'जगबुडी' म्हणणं म्हणजे तो करारच विसरणं. (खेडची जगबुडी नदी वेगळी. ती दर पावसाळ्यात आपल्या नावाला जागते.)

'प्रलय'ची अडचण निराळी. पुराणांत तो नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक, आत्यंतिक असा चार तऱ्हांचा. नैमित्तिक काय किंवा प्राकृतिक काय, त्यामागून पुन्हा सृष्टी होते आणि चक्र चालू राहतं. बायबलमध्ये चक्र नाही. एकदाच सुरुवात, एकदाच समाप्ती, आणि समाप्तीला कुणीतरी येणार आहे. 'प्रलय'मध्ये येणारा कुणी नसतो, नुसतं जाणारं सगळं असतं. 'जलप्रलय' नोहापुरता राखून ठेवा.

गंमत म्हणजे ज्याला आपण फिल्मी समजतो तो 'कयामत' मुळात जवळचा. अरबीत त्याचा अर्थ उठणं, मेलेल्यांचं उठून उभं राहणं. पण मराठीत तो आता संवादफेकीपुरता उरलाय, वापरू नका.

ग्रीकवाचक :
मत्तय 24:3 मध्ये शिष्य जैतुनांच्या डोंगरावर विचारतात, तिथे ग्रीकमध्ये 'सुंतेलेइया तू आइओनोस' आहे. 'आइओन' म्हणजे काळ, युग. जग, विश्व यासाठी 'कोस्मोस' हा वेगळा शब्द आहे, तो इथे नाही. किंग जेम्ससारख्या जुन्या इंग्रजी भाषांतरांनी 'वर्ल्ड' केलं आणि तिथून घोळ सुरू झाला. मराठी पवित्र शास्त्राने 'युगाची समाप्ती' असं बरोबर ठेवलंय. तेव्हा तुमच्या पत्रकात इंग्रजीवरून उलटं भाषांतर करण्यापेक्षा मराठी बायबलमधलाच शब्द उचला.

एक खाच मात्र आहे. 'युग' म्हटलं की आपल्याकडे कलियुग डोक्यात येतं. म्हणून पहिल्यांदा वापराल तिथे एक वाक्य जोडा : पापाचा आणि मरणाचा काळ संपून देवाचं राज्य पूर्णपणे येणं. कंसात नको, सरळ मजकुरात.

'शेवटचे दिवस' बाबतही हेच. पेत्र पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टला) योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो ते 'शेवटल्या दिवसांत' असं (प्रेषितांची कृत्ये 2:17), आणि ते त्याच दिवशी घडतंय असं म्हणतो. योहान तर 'ही शेवटली घटका आहे' म्हणतो (1 योहान 2:18). नव्या कराराच्या हिशेबाने शेवटचे दिवस सुरू होऊन दोन हजार वर्षं होत आली. एखाद्या बातमीने ते कालपरवा सुरू झाले, हे म्हणणंच चूक.

पाळक, नगर :
वरच्याला जोडून. मत्तय 24 मधली युद्धं, दुष्काळ, भूकंप यांना येशू 'शेवट' म्हणतच नाही. सहाव्या वचनात 'सांभाळा, घाबरू नका' आणि 'तेवढ्यात शेवट होणार नाही' असं आहे. आठव्यात 'वेदनांचा प्रारंभ' आहे, पण मूळ शब्द 'ओदिन' म्हणजे बाळंतपणाच्या कळा. 'वेदना' वाचलं की नुसतं दुखणं कळतं, 'कळा' म्हटलं की बाळ कळतं. पत्रकात 'कळांची सुरुवात' लिहा, रोमकरांस 8:22 शीही ते जुळतं.

आणि फक्त चोविसावा अध्याय वाटू नका. बहुतेक भीती तिथेच थांबल्यामुळे येते. 24 ची 51 आणि 25 ची 46, अशी 97 वचनं एका बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पंचविसाव्यात वाट पाहणं म्हणजे काय ते तीन तऱ्हांनी येतं : दिव्यात तेल ठेवणं, हाती दिलेलं धन कामाला लावणं, भुकेल्याला खायला घालणं. आकाशाकडे टक लावणारा एकही माणूस त्या अध्यायात नाही.

कोरी पाटी :
'रॅप्चर'ला, म्हणजे विश्वासणारे वर उचलले जाण्याला, काय म्हणू? मूळ मजकुरात तो शब्द आहे. आणि श्वापदाची 'खूण' हा शब्द तर मुलांना सगळ्यात जास्त घाबरवतोय. आधार, बारकोड, लस, सगळंच खूण.

ग्रीकवाचक :
रॅप्चर लॅटिनवरून आला. 1 थेस्सलनीकाकरांस 4:17 मधलं 'हार्पाझो', म्हणजे झडप घालून उचलणं. आपल्या मंडळ्यांत 'उचलले जाणे' रूढ आहे, तेच घ्या. पण संकटाआधी गुपचूप उचललं जाणं आणि मग मागे राहिलेल्यांचे हाल, ही मांडणी 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीपासून पसरली आणि 1909 च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांनी घरोघर गेली. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या ती मानत नाहीत. पत्रक कुणाच्या हाती जाणार ते आधी पाहा.

त्याच वचनातला दुसरा शब्द जास्त मोलाचा आहे : 'अपांतेसिस', सामोरं जाणं. हाच शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात नवरदेवासाठी येतो (मत्तय 25:6), आणि पौल रोमजवळ पोचल्यावर तिथले बंधू त्याला भेटायला बाहेर आले तिथेही येतो (प्रेषितांची कृत्ये 28:15). ते बंधू पौलाला भेटून त्याच्याबरोबर दुसरीकडे निघून गेले नाहीत, त्याला घेऊन शहरात आले. आपलं सीमांतपूजन जसं : वेशीवर जायचं ते वराला मांडवात आणायला. प्रकटीकरण 21 मध्येही नगरी वरून खाली येते. 'पृथ्वी सोडून पळणं' असा सूर त्या ओळीला लावू नका.

पाळक, नगर :
खुणेबद्दल. प्रकटीकरणात देवाविरुद्ध उठलेली सत्ता एका प्राण्याच्या रूपात येते. पवित्र शास्त्रात त्याला 'श्वापद' म्हटलंय, बोलण्यात 'पशू'. खुणेचा मूळ शब्द 'खारागमा', शिक्का. राजाच्या नावाचा शिक्का कागदपत्रांवर मारत त्यालाही हाच शब्द होता. प्रकटीकरण 13 आणि 14 मध्ये खूण प्रत्येक वेळी उपासनेशी बांधलेली आहे : श्वापदाला नमन करणाऱ्याला ती मिळते. नकळत, झोपेत, सुईतून किंवा रांगेत उभं राहून लागते असं कुठेही नाही. आणि मुलांना तेरावा अध्याय संपल्यावरचं पुढचंच वचन दाखवा. 14:1 मध्ये कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावरही नाव आहे. शिक्का दोन्हीकडे आहे, प्रश्न मालक कोण एवढाच.

आकडेमोडे :
आकड्याचं मी सांगतो. हिब्रूत अक्षरांनाच किमती असतात. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमन सम्राट नीरो, हिब्रू अक्षरांत लिहिलं की नून 50, रेश 200, वाव 6, नून 50, कोफ 100, सामेख 60, रेश 200. बेरीज 666. शेवटचा नून गाळून लॅटिन वळणाने 'नेरो' लिहिलं तर 616, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर 616 आहे. दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या ख्रिस्ती लेखकाला तो पाठ माहीत होता, त्याने तो नाकारला. बहुतेक अभ्यासक म्हणूनच नीरोकडे बोट दाखवतात.

बारकोडची अफवा अशी : सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दोन-दोन लांब बारीक रेघा असतात, त्या सहाच्या आकड्यासारख्या दिसतात. पण त्या आकडा नाहीतच. कोड कुठे सुरू होतो, कुठे दुभंगतो आणि कुठे संपतो हे यंत्राला कळावं म्हणून त्या असतात. सहाच्या संकेतात दोन बारीक रेघांनंतर रुंद पांढरी जागाही येते, ती इथे नाही.

तारखांचा हिशेबही असाच कोसळतो. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलर आणि त्याच्या अनुयायांनी दानीएल 8:14 मधल्या 2300 दिवसांची वर्षं केली, इसवी सनापूर्वी 457 पासून मोजून 1843 काढलं. मग लक्षात आलं की शून्य वर्ष नसतं, म्हणून 1844. अखेर 22 ऑक्टोबर 1844 ठरली. काही झालं नाही. अमेरिकन रेडिओ-प्रचारक हॅरल्ड कॅम्पिंगने 1 एप्रिल 33 पासून 7,22,500 दिवस मोजून 21 मे 2011 काढली. ती संख्या म्हणजे 5, 10 आणि 17 यांच्या गुणाकाराचा वर्ग. गणित चोख आहे. चूक ही की त्या आकड्यांना 'प्रायश्चित्त', 'पूर्णता', 'स्वर्ग' हे अर्थ त्यानेच चिकटवले. अर्थ आपण ठरवायचे असले तर हवी ती तारीख काढता येते.

शब्दपारखी :
'ख्रिस्तविरोधक' हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही, हेही पत्रकात येऊ द्या. तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथे 'पुष्कळ' ख्रिस्तविरोधक तेव्हाच उठलेले आहेत.

आणखी एक : 'उद्या जगाचा शेवट असला तरी आज मी सफरचंदाचं रोप लावीन' हे वाक्य ल्यूथरच्या नावावर टाकू नका. त्याच्या लेखनात ते सापडत नाही, 1944 च्या आधीचा पुरावाही नाही.

वसईवाला :
तुमचा गट कॅथॉलिक असेल तर 'द्वितीयागमन'पेक्षा 'पुन्हा येणे' बरं, विश्वासांगीकारातलं क्रियापद मुलांच्या तोंडी आहेच. 'जागृत राहा'चं 'सतत सावध राहा' करू नका, सावधपणात चोर येण्याची भीती डोकावते. साधं 'जागे राहा' चालेल. 'घाबरू नका'च्या लगेच पुढे काय करायचं तेही द्या, नाहीतर तो नुसता दम वाटतो. थेस्सलनीकात लोकांनी कामं सोडली होती तेव्हा पौलाने लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये (2 थेस्सल. 3:10). त्या पत्रातलं 'अव्यवस्थितपणे वागणे' ग्रीकमध्ये रांग मोडलेल्या शिपायाचा शब्द आहे. परीक्षा आली असेल तर अभ्यास करा, हे त्या वचनाचं अगदी सरळ भाषांतर.

कोरी पाटी :
छान. शेवटचं : 2 पेत्र 3:10 मध्ये 'पृथ्वी व तिच्यावरील कामे जळून जातील' आहे. हे घेऊ की गाळू?

ग्रीकवाचक :
घ्या, पण टीप देऊन. सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या प्रतींत 'जळून जातील' नाही, 'हेउरेथेसेताइ' आहे : सापडतील, उघडी पडतील. रूढ मराठी पाठ दुसऱ्या प्रतींवरून आलाय. 'उघडी पडतील' घेतलं तर आग धातू तावून कस काढणारी होते आणि तेराव्या वचनातल्या नव्या पृथ्वीशी नीट लागते. आणि शेवटच्या लढाईच्या ठिकाणाचं नाव 'हर्मगिदोन' असंच लिहा, वर्तमानपत्री 'आर्मागेडन' नको, पोरांना बायबलमध्ये शोधताना सापडणार नाही.