मदत हवी आहे: कॉलनीचा बगीचा वाचवायचा आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला, राजेंद्र नगरच्या बाजूला राहतो. कॉलनीत जुना बगीचा आहे: चार कडुलिंब, दोन पिंपळ आणि मधोमध वड. गेल्या आठवड्यात काही लोक टेप घेऊन आले आणि झाडांवर खडूने आकडे घालून गेले. पार्किंग आणि हॉल होणार, एवढंच कळलं. लेखी काही दाखवलं नाही.

आईने आपल्या तरुणपणी मे महिन्यातही गच्चीवर चादर ओढून रात्री काढल्या आहेत. 'शब-ए-मालवा' (माळव्याची, म्हणजे आमच्या इंदूरकडची, गार रात्र) उगाच म्हणत नव्हते! आता रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. डांबर-सिमेंट दिवसभर मुरलेली उष्णता रात्री सोडत राहतं. झाड सावली देतंच, शिवाय मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं, त्यात हवेतली उष्णता खर्ची पडते. संध्याकाळी कॉलनीतली सगळी म्हातारी माणसं त्या वडाखालीच असतात.

"बदल्यात दुसरीकडे रोपं लावू," म्हणतात. १४ जुलै २०२४ ला शहराच्या कडेला रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली, तेव्हा मीही गेले होते, मनापासून आनंद झाला होता. पण तिकडच्या रोपाने आमच्या गल्लीत गारवा कसा यायचा?

वाचून एवढं समजलं की मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी २००१ चा कायदा आहे आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, तेही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेकायदा ठरवलं. त्याने धीर आला.

अडलंय ते पुढे. मंजूर नकाशात ही जागा बगीचा म्हणूनच आहे का, ते नगर तथा ग्राम निवेशकडून (शहराचे आराखडे बघणारं सरकारी खातं) काढायचं ना? माहितीच्या अधिकारात उत्तराला ३० दिवस. तोवर आरी चालली तर? भोपाळच्या हरित न्यायाधिकरणात (एनजीटी, पर्यावरणाचे दावे ऐकणारं) रहिवाशांनी स्वतः, वकिलाशिवाय अर्ज केलाय का कुणी? स्थगिती किती दिवसांत मिळाली? छातीच्या उंचीवर प्रत्येक झाडाचा घेर मोजून, तारखेसह फोटो काढून ठेवलेत. हा पुरावा चालेल का?

कुणाकडे हिंदीतल्या अर्जाचा नमुना असेल तर कृपया आजच टाका. सोमवारी पहिला अर्ज द्यायचा आहे, सह्या गोळा करणं चालू आहे.