मराठी सोडा, गणित सोडा : अध्ययन अक्षम मुलाला ही मदत आहे का?

चर्चाप्रस्ताव : एक आई, पुणे

माझा मुलगा राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकतो. तिसरीत असताना त्याच्या वाचनातील आणि लेखनातील अध्ययन अक्षमतेचे निदान झाले. गेल्या पालकसभेनंतर त्याच्या वर्गशिक्षिकांनी मला थांबवून घेतले आणि अगदी आपुलकीने सांगितले की, एक भाषा सोडण्याची मुभा असते, ती मराठीसाठी वापरा, बीजगणित-भूमितीच्या जागी खालच्या इयत्तेचे अंकगणित घ्या, म्हणजे दहावी सुखरूप पार पडेल. त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, परंतु घरी येईपर्यंत मी अस्वस्थ होते आणि अजूनही आहे, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

सवलतींना माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या आणि त्यामुळे कितीतरी मुले शाळेत टिकली. माझी तक्रार अशी आहे की, 'सवलत' या एकाच शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. जास्तीचा वेळ देणे, लेखनिक देणे, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणे, या सवलतींमुळे मुलाच्या वाटेतला अडथळा दूर होतो आणि विषय त्याच्याजवळ राहतो. विषय सोडायला लावणे ही मात्र विषयच काढून घेण्याची गोष्ट आहे, आणि शाळांना हीच सवलत सर्वांत आधी आठवते, कारण तिच्यासाठी कोणालाही काही शिकवावे लागत नाही.

मराठीचेच उदाहरण घेते. 'किती' हा साधा शब्द पाहा. पहिली वेलांटी कागदावर क च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार क च्या नंतर होतो, आणि माझा मुलगा दुसरीत असताना नेमका तेथेच अडकत असे. निदानानंतर त्याच्या विशेष शिक्षिकांनी ताटात रवा पसरून त्याला बोटाने आधी क काढायला लावला, मग तोंडाने 'इ' म्हणत मागे वळून वेलांटी द्यायला लावली. असे रोज दहा मिनिटे, चार महिने चालले होते. परवा रिक्षातून जाताना त्याने 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी वाचली. 'शु', मग 'द', मग 'ध', मग थांबून एकदम 'शुद्ध'. आपल्या लिपीत खूण एकदा ओळखीची झाली की तिचा आवाज सहसा बदलत नाही, तर इंग्रजीत 'नाइफ'च्या सुरुवातीचा के मुका का, याला त्या मुलाच्या दृष्टीने काहीच उत्तर नाही. जी भाषा त्याला त्यातल्या त्यात वाचता येऊ लागली आहे, तीच आधी सोडायची, हे मला पटत नाही.

प्रतिसाद : एक वडील, डोंबिवली

ताई, तुमचे लिखाण मनापासूनचे आहे, तरीही मी ठाम असहमत आहे. रव्याच्या ताटाची ती दहा मिनिटे तुम्हाला मिळाली, कारण मूल तिसरीत होते. आठवीतल्या मुलाच्या दिवसात अशी दहा मिनिटे कोठून आणायची, याचा हिशेब तुमच्या लेखात नाही.

माझ्या मुलीचे निदान सातवीत झाले. सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी, डोळे-कान तपासणी, अशा खेपा घालता घालता माझ्या अर्ध्या वर्षाच्या रजा संपल्या. त्या काळात घटक चाचणीच्या दिवशी सकाळी दप्तर उचलले की तिला उलटी होत असे. शाळा, शिकवणी आणि आठवड्यातून तीन वेळा विशेष शिक्षिका, एवढे सगळे करून रात्री दहाला ती भूमितीचे प्रमेय पाठ करी आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नसे. विषय टिकवण्याची किंमत आपण मोठी माणसे देत नाही, मूल देते.

नववीत आम्ही एक भाषा आणि बीजगणित-भूमिती सोडली आणि महिन्याभरात उलट्या थांबल्या. उरलेल्या विषयांत ती प्रथमच स्वतःहून वाचू लागली. गणित सोडल्यामुळे विज्ञान शाखा हातातून गेली, हे मान्य आहे, पण आज ती बेकरीचा अभ्यासक्रम करत आहे आणि आठशे ग्रॅम मैद्याचे प्रमाण बाराशे ग्रॅमला तोंडी वाढवून सांगते. त्रैराशिक तिला ओट्यापाशी आले, फळ्यापाशी आले नाही. सोडलेली भाषा कोणती, असे विचाराल तर हिंदी, परंतु मराठी सोडावी लागली असती तरी मी तीही सोडली असती. आजीशी बोलायला मुलीला प्रश्नपत्रिका लागत नाही.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा

आपण दोघेही नववी-दहावीवर भांडत आहात आणि माझ्या मते गाडी त्याच्या फार आधी चुकलेली असते. माझ्या शाळेत चार इयत्ता आणि दोन शिक्षक आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे एका खोलीत मी पहिली आणि दुसरी एकत्र घेते. या परिस्थितीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एक वाक्य मी स्वतःला वारंवार बजावते : विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि त्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलायची. म्हणजे कायद्यानेसुद्धा पद्धत बदलण्याचे काम शाळेवर टाकले आहे. विषय कमी करण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

माझ्याकडे एक मुलगा होता, आता तो माध्यमिक शाळेत आहे. तो घ ला ध म्हणे, भ ला म म्हणे आणि फळ्यावरचा उतारा वहीत उतरवताना दर ओळीला जागा हरवून बसे. पोरे त्याला ढ म्हणत. एकदा मी प्रश्न मोठ्याने वाचले आणि त्याला तोंडी उत्तरे द्यायला सांगितली, तेव्हा काळ्या जमिनीत पाणी जास्त काळ का टिकते, हे त्याने मला असे समजावून सांगितले की सगळा वर्ग गप्प झाला. त्यानंतर मी दर चाचणीला त्याचे अर्धे प्रश्न तोंडी घेऊ लागले. त्यासाठी मला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज पडली नाही. ओळ हरवू नये म्हणून जुन्या पुठ्ठ्याला खाच पाडून दिली, तेवढा खर्च झाला.

एक इशाराही द्यावासा वाटतो. न वाचणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. आमच्याकडे दिवाळीनंतर कितीतरी घरे ऊसतोडीला जातात आणि मुले उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना वाचता येत नाही, कारण त्यांना कोणी वाचायला शिकवलेलेच नसते. त्यांच्या कपाळी निदान चिकटवणे हा अन्याय होईल. आधी डोळे, कान आणि हजेरीपट पाहावा, काही महिने नेटाने शिकवावे आणि तरीही अक्षर हाताला लागत नसेल तर तपासणीला पाठवावे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देण्याची आणि चौदाव्या वर्षी फेरतपासणीची तरतूद होती. याचा अर्थ आठव्या वर्षापर्यंत हात बांधून बसायचे असा नव्हे. डोंबिवलीच्या बंधूंच्या मुलीचे निदान सातवीत झाले. ते तिसरीत झाले असते तर त्यांना नववीत एवढे सोडावे लागले असते का, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक

एकतीस वर्षे शिकवण्यात गेली, म्हणून थोडे कटू वाटले तरी लिहितो. साठ-साठ मुलांच्या वर्गात चार-पाच चंचल मुले नेहमीच असत आणि त्यांपैकी बहुतेक आठवीपर्यंत आपोआप स्थिरावत. आता मूल खुर्चीवर वळवळले की शाळा पालकांना डॉक्टरांकडे धाडते आणि सात वर्षांच्या पोराच्या हातात गोळी येते. निदानाचा शिक्का एकदा बसला की शिक्षक प्रयत्न सोडतात आणि मूलही 'मला हे जमणारच नाही' असे शिकते. विषय सोडणे हे त्याच प्रवृत्तीचे पुढचे पाऊल आहे, म्हणून चर्चाप्रस्तावाशी मी सहमत आहे, पण मी त्याही पुढे जाऊन म्हणतो की घरात नियमितपणा, मैदानावर दोन तास आणि शिक्षकांची माया एवढे असेल तर निम्म्या निदानांची गरज उरणार नाही.

प्रतिसाद : एक आई, ठाणे

सर, आपल्या अनुभवाचा आदर राखून सांगते की, आपल्या साठांच्या वर्गात माझी मुलगी आपल्याला दिसलीच नसती. ती वळवळत नाही. ती शांतपणे खिडकीबाहेर पाहत बसते, पाचपैकी तिसरी सूचना तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि आठवड्याला एक डबा हरवतो. तिची कोणी तक्रार केली नाही, म्हणूनच तिच्या एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचे, निदान पाचवीपर्यंत लांबले. तोवर तिच्यावर 'आळशी' आणि 'बेफिकीर' असे दोन शिक्के बसलेच होते, आणि ते कोणत्याही डॉक्टरने मारलेले नव्हते. डॉक्टरांच्या शब्दाने ते पुसले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मूल वळवळले म्हणून हे निदान होत नाही. लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात, बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावी लागतात आणि फक्त शाळेत किंवा फक्त घरी नव्हे, तर एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून डॉक्टर शिक्षकांकडूनही प्रश्नावली भरून घेतात. गोळीबद्दलही धास्ती बाळगण्यापेक्षा माहिती घ्यावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचेच प्रशिक्षण सुचवले आहे, म्हणजे लहानग्याच्या हाती सरसकट गोळी द्या असे कोणी म्हणत नाही. माझ्या मुलीला सातवीपासून मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध सुरू आहे. त्याने भूक मंदावते, म्हणून आम्ही गोळीच्या आधी भरपूर नाश्ता देतो, दर महिन्याला वजन नोंदवतो आणि डॉक्टरांना दाखवतो. गोळी तिला वाचायला शिकवत नाही. ती पुस्तकासमोर बसणे शक्य करते, पुढचे काम बाईंचे आणि आमचे आहे.

आता मूळ विषयाकडे येते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे मुलाला या दोन्ही अडचणी असतील, आणि बऱ्याचदा त्या जोडीने येतात, तर प्रमाणपत्राची वाट उघडते. माझ्या मुलीसारखी केवळ लक्षाची अडचण असेल तर सगळे शिक्षकांच्या भल्या मनावर अवलंबून राहते. तिच्या सध्याच्या बाईंचे मन भले आहे. त्या एका वेळी एकच सूचना देतात, तिला पहिल्या बाकावर खिडकीपासून दूर बसवतात आणि मधल्या वेळात वह्या वाटायला उठवतात. घरी आम्ही गृहपाठाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले आहेत आणि दाराच्या आतल्या बाजूला तिच्याच अक्षरात 'डबा, बाटली, वही, किल्ली' असा कागद लावला आहे. गेल्या वर्षी मात्र बाई वेगळ्या होत्या आणि वर्ष वाया गेले. म्हणून डोंबिवलीच्या बंधूंना मी समजू शकते. हक्काने मागता येईल असे काही हातात असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांच्या हातात ते नाही त्यांना विचारावे.

चर्चाप्रस्ताव मांडणाऱ्या आईचे उत्तर

डोंबिवलीच्या दादांचा दप्तर उचलण्याचा प्रसंग वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मुलाच्या दिवसाचा हिशेब मी मांडला नव्हता, ही माझी चूक होती. तुमच्या मुलीच्या जागी मीही तोच निर्णय घेतला असता. मुलाचे शरीर नकार देत असेल तेथे भाषेचा अभिमान मध्ये आणू नये, हे मला मान्य आहे. बीडच्या बाईंचा मुद्दा त्याहून टोचला, कारण रव्याचे ताट आम्हाला परवडले. तपासणीसाठी पैसे होते, शहरात विशेष शिक्षिका होत्या.

मुख्याध्यापक सर माझ्या बाजूने लिहितात, तरी त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. निदान झाले नसते तर माझा मुलगाही मठ्ठ ठरला असता. माया आमच्या घरात आधीही होती, पण वेलांटी कशी शिकवावी हे निदानानंतर कळले.

तरीही शाळेचा सल्ला मी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत लेखनिकाच्या मदतीस पात्र परीक्षार्थींना ताशी किमान वीस मिनिटे जास्त द्यायला सांगितले होते. तशी वेळ आणि लेखनिक आधी शाळेच्या परीक्षांत देऊन पाहा, वर्षभर त्याचे गुण आणि त्याची झोप दोन्ही पाहू आणि मग काय सोडायचे ते ठरवू, असे मी सांगणार आहे. काल हे सगळे मुलासमोर मांडले, कारण त्याला विचारल्याशिवाय हा निर्णय माझा नव्हे. भूमिती सोडायला तो एका क्षणात तयार झाला. मराठीबद्दल मात्र त्याने मलाच विचारले, "आई, त्या तासाला सगळे वर्गात असतील, तर मी कुठे बसायचे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. येत्या शनिवारी हाच प्रश्न मी शाळेला लेखी देणार आहे आणि सोडलेल्या विषयाच्या तासाला त्याला कोण, काय आणि कोणत्या खोलीत शिकवणार, हेही लेखीच मागणार आहे.